चौथ्या यादीतलं शेवटचं नाव

वाल द उर्झेश, ९ जून

प्रिय नोएमिया,

तुझं पत्र पोचलं. फिर्मिनुने दोनदा वाचलं, एकदा माझ्यासाठी आणि एकदा स्वतःसाठी, कारण पहिल्या खेपेला त्यालाही काही उमगलं नव्हतं. नोटरीच्या कचेरीत अडतीस वर्षं कारकुनी केलेल्या शेजाऱ्याची ही तऱ्हा. मग माझी काय कथा? मला अक्षर आणि चिखलातला कोंबडीचा पाय सारखाच दिसतो.

फोन करत जा म्हणतेस. गावात फोन लागतो तो फक्त कबरस्तानाच्या भिंतीपाशी. तिथे मला कायमचं जायचंच आहे, आतापासून खेपा कशाला घालू? शिवाय फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं. पत्र डब्यात राहतं.

तर मला कळलं ते असं. पोर्तुगालात तू पुरती वकील आहेस. पोर्तोला काळा झगा घालून शपथ घेतलीस तेव्हा मी डुकराची अख्खी खारवलेली तंगडी घेऊन बसने आले होते आणि दारावरच्या माणसाने ती आत नेऊ दिली नव्हती. एवढं सगळं झाल्यावर तू लक्झेंबर्गला गेलीस, आणि तिथे म्हणे तू वकील नाहीस! वेस ओलांडली आणि डोक्यातला कायदा गळून पडला. आता बड्या वकिलांच्या कचेरीत बसून त्यांच्या कागदांची भाषांतरं करतेस. पुन्हा वकील व्हायचं तर वाटा तीन: लंडन, डब्लिन, नाहीतर आहेस तिथेच. आणि ठरवायचं तीस सप्टेंबरच्या आत, कारण कचेरी डब्लिनची जागा तोवरच राखून ठेवणार.

"सांग आजी, कुठे जाऊ?" असं विचारतेस. पोर्तोच्या पलीकडे मी कधी गेलेली नाही, तेव्हा माझं मत अगदी निःपक्षपाती आहे. ऑगस्टपर्यंत थांब. तेव्हा जगभर पांगलेली आपली माणसं घरी येतात. गाय घेताना आपण दूध बघतो ना? तसं देश निवडताना तिथून परत आलेली माणसं बघावी.

मात्र पोर्तोचं वकिलीचं कार्ड परत देऊ नकोस. त्या कार्डाच्या धाकावर माझे घेवडे जगलेत. गुरुवारी सकाळची पाणीपाळी माझ्या आईपासून आमची. पण हा फिर्मिनु ती स्वतःची म्हणतो आणि कोंबडा आरवायच्या आत हौदाची खुंटी काढतो. मी त्याला म्हणते, "नात येऊ दे माझी, कोर्टात उभा करते तुला!" मग आठवडाभर नीट वागतो.

(मला सांगितलेलं शब्दशः लिहितो, कारण लेखनिकाचं ते कर्तव्य आहे. परंतु सदर पाळी कागदोपत्री माझीच आहे. फिर्मिनु.)

त्याने खाली काहीतरी खरडलंय. वाचून दाखव म्हटलं तर म्हणतो, तारीख आहे. एवढी लांब तारीख असते का गं?

तुझी आजी,
बेनव्हिंदा

लक्झेंबर्ग, २४ जून

प्रिय आजी,

आशीर्वाद असावा. फिर्मिनुकाका, तुमच्या अक्षराबद्दल आभार, आणि तारखेबद्दलही.

आजी, नीट सांगते. लंडनला दोन परीक्षा. पहिलीत दोन दिवसांत तीनशे साठ प्रश्न, प्रत्येकाला पाच उत्तरं, त्यातलं एक बरोबर आणि बाकीची चार त्याची जुळी भावंडं. दुसरीत खोटा अशील समोर बसवतात, आणि त्याची खरी समजूत काढायची. डब्लिनलाही परीक्षा आहे, पण तिथल्या शाखेत कचेरी मला जागा देणार, तयारीही करून घेणार. खुर्ची चांगली, खिडकीतून नदी दिसते म्हणतात. तिकडे गेले की पोर्तोचं कार्ड चालू ठेवण्यात अर्थ नाही. वर्गणी भरत बसायची ती कशासाठी?

आणि इथे परीक्षाच नाही. पोर्तोचं कार्ड जिवंत ठेवायचं, इथल्या वकिलांच्या चौथ्या यादीत, म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या, नाव घालायचं आणि दारावर वकील म्हणून आपल्या भाषेतच 'आद्वोगादा' असं लिहून बसायचं. इथला कायदा चालवत तीन वर्षं काढली की पहिल्या यादीत घेतात. पण या वाटेवर मला खुर्ची कोण देणार? आमच्या कचेरीला चौथ्या यादीतली माणसं नकोत. इथून जवळच एशला दोना झुल्मीरा म्हणून आपल्याकडच्या एक वयस्क वकीलबाई आहेत. बेकरीच्या वर त्यांची एक खोली आहे, तिचा एक कोपरा देते म्हणाल्या. कोपऱ्यात सध्या त्यांची इस्त्रीची फळी आहे.

तू म्हणशील तसं मी करीनच असं नाही. पण तू म्हणशील ते ऐकायचंय. आणि कृपा करून नवसबिवस बोलू नकोस.

तुझी,
नोएमिया

वाल द उर्झेश, २१ ऑगस्ट

प्रिय नोएमिया,

चौकशी पुरी झाली. जत्रेच्या तीन दिवसांत मी बँडच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि एकेकाला समोर बोलावून घेतलं. फिर्मिनु टिपणं घेत होता. लोकांना वाटलं जनगणना आहे.

स्वित्झर्लंडवाले आले. चार दिवस आपल्या कचऱ्याकडे बघून मान हलवत होते आणि पाचव्या दिवशी त्यांनीच सगळा एका पिशवीत कोंबला. फ्रान्सवाले पोरांना लाडात आपल्या भाषेत बोलतात आणि रागात फ्रेंचमध्ये. त्यामुळे नातवंडांना आजीशी बोलताना वाटतं आपण फार शहाणे आहोत. डब्लिनहून एकटी देओलिंदाची मुलगी आली, नर्स आहे ती. पिशवीत ऑगस्टमध्ये स्वेटर! म्हणाली, "तिथे सगळे 'कशी आहेस' विचारतात आणि उत्तर यायच्या आत पुढे जातात." मला पटलं नाही. विचारलं तर गुडघ्यांपासून सगळं ऐकून घ्यावं.

लक्झेंबर्गचं तर विचारूच नकोस. अर्धा गाव तिथेच आहे. छपरं घालणारे, फरशा बसवणारे, जिने पुसणाऱ्या. तिथे वकील होणं म्हणजे इथल्या हौदापाशी वकील होणं. फी म्हणून कोबी आणतील आणि वर म्हणतील, "तुझ्या आजोबांना मी ओळखत होतो." यासाठी तुला शिकवलं का? ते नावच खोडून टाक.

राहिलं लंडन. तिथून किंतीनु आला, मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी आहे. वाइन वाटत होते तेव्हा सगळं गाव पिंपावर तुटून पडलं आणि हा एकटा सरळ रांग लावून उभा राहिला. रांगेत तो एकटाच! वाइन मिळाली नाही, पण काय ती शिस्त. त्याला परीक्षेचं विचारलं तर म्हणाला, तिथे खूप जण पडतात. तेव्हाच माझं ठरलं. जिथे पुष्कळ पडतात, तिथे उभं राहिलेलं माणूस दुरून दिसतं.

नवस बोलू नकोस म्हणालीस. ते पत्र यायच्या आधीच बोलून झाला होता. (पत्र तीस जूनला पोचलं. नवस एकवीस ऑगस्टचा, आजचाच आहे. फिर्मिनु.) लंडनला पास झालीस की टेकडीवरच्या सांता एउफेमियाला मेणाचा अवयव वाहीन. आता वकिलासाठी कोणता अवयव वाहायचा? दुकानात पाय होते, हात होते, छाती होती. जीभ मागितली तर दुकानवाली म्हणाली, जिभेला गिऱ्हाईक नाही. शेवटी डोकं घेतलं. तिने विचारलं, "घरात कुणाला डोकेदुखी?" म्हटलं, "नाही, वकील आहे." म्हणाली, "मग बरोबर आहे."

डोकं कपाटावर ठेवलंय. तुझ्यासारखं अजिबात दिसत नाही, नाक फार सरळ आहे.

तर लंडन. लवकर कळव.

आजी

लक्झेंबर्ग, ५ सप्टेंबर

प्रिय आजी,

आशीर्वाद असावा. तुझा अहवाल इथे आमच्या जिन्यातल्या तीन बायकांना वाचून दाखवला, हसून हसून त्यांची बादली उलटली.

लंडनचा विचार चालू आहे. डब्लिनही वाईट नाही. मेणाचं डोकं उन्हात ठेवू नकोस. मी ठीक आहे, जेवते, झोपते. बाकी विशेष काही नाही.

तुझी,
नोएमिया

(सोबतचा दुसरा कागद)

फिर्मिनुकाका,

हा कागद फक्त तुमच्यासाठी. आजीला वाचून दाखवू नका.

लंडनची पहिली परीक्षा मी जानेवारीतच दिली. नापास झाले. घरी कुणालाही सांगितलं नाही. कचेरीने मात्र तोंड वाकडं केलं नाही, उलट डब्लिनची जागा पुढे केली, म्हणून मी मुकाट्याने तिकडेच निघालेय. एकोणतीस तारखेला सही करणार. आजीला मी नंतर काहीतरी सांगेन. तोवर नवसाचं कसंही करून थांबवा.

आणखी एक गोष्ट झाली. आपल्याच भागातल्या लिंदोल्फु नावाच्या फरशीवाल्याला आमची जिना पुसणारी बाई घेऊन आली. पाठ मोडल्यापासून त्याला काम होत नाही, आणि मालकाने फ्रेंचमधला एक कागद सहीला पाठवलेला. 'मी स्वखुशीने काम सोडतो' असा. त्याला वाटलं रजेचा अर्ज आहे. मी जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभी राहून त्याला एवढंच म्हटलं, "सही करू नका." दुसऱ्या दिवशी वरच्या साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "सल्ला द्यायचा तुम्हाला इथे अधिकार नाही. तुम्ही इथे वकील नाही." ते खरं बोलले, हेच जास्त लागलं. आता तो पुन्हा जिन्यात येऊन उभा राहतो आणि मी मागच्या दाराने जाते.

मला जरा लाज वाटतेय, म्हणून कुणालातरी लिहिलं.

नोएमिया

वाल द उर्झेश, १३ सप्टेंबर

नोएमिया,

मला वाचता येत नाही, मोजता येतं. पाकिटातून दोन कागद निघाले. फिर्मिनुने एक वाचला आणि दुसरा लोणच्याच्या ऑलिव्हांच्या बरणीखाली सरकवला.

"तो काय आहे?"

"कोरा आहे."

"कोरा कागद बघून कान लाल होतात होय तुझे?"

"बेनव्हिंदाबाई, खाजगी पत्राची गुप्तता ही कायद्याने..."

"गुप्तता तुझ्या घरी. इथे तू माझं सूप पितोयस. वाच, नाहीतर ताट उचलते."

कोबीचं सूप होतं, त्यात सॉसेजचा तुकडा पडलेला. बिचाऱ्याने वाचलं.

पहिली गोष्ट. नापास झालीस ती जानेवारीत आणि मी डोकं विकत घेतलं ऑगस्टमध्ये. सांता एउफेमिया काय म्हणाली असेल? "म्हातारीला बातमी उशिरा लागते." दुकानवाली डोकं परत घेईना, म्हणून ते फिर्मिनुच्या अंजिराच्या झाडाला टांगलंय, पाखरं येत नाहीत. आणि नापास झाल्याचं तू लपवलंस ते कुणापासून? पहिलीच्या वर्गाच्या दारातून आत न गेलेल्या बाईपासून? अगं, मी एकाही परीक्षेत पास झालेली नाही. माझ्यासमोर तुला लाज कसली?

दुसरी गोष्ट सांगायला मला जड जातंय, आणि लिहायला याला. पण लिहितोय.

तो लिंदोल्फु आहे ना, तो मी आहे.

तुझे पणजोबा गेले तेव्हा जमिनीची वाटणी झाली. मी आणि भाऊ आबीलिउ नोटरीच्या कचेरीत गेलो. टेबलामागे तरुण फिर्मिनु, टाय लावलेला. ज्याला सही येत नाही त्याला कागद वाचून दाखवायचा असा नियम. याने वाचला. काय वाचला! तापल्या कढईत शेंगदाणे भाजल्यासारखा तडतड तडतड. सात पानं. मग मान वर करून म्हणाला, "समजलं ना, बाई?" खोलीत माणसं ताटकळलेली, नोटरी घड्याळ बघतोय, भाऊ मान डोलावतोय. मी म्हटलं, "समजलं." शाई लावली, अंगठा टेकवला. दोन उन्हाळे गेल्यावर कळलं की गुरुवारची सकाळ भावाच्या शेताबरोबर गेली आणि मला मिळाली ती रणरणत्या दुपारची पाळी, जेव्हा अर्धं पाणी सूर्यच पितो. पुढे भावाने शेत याला विकलं. बाकी तुला ठाऊक आहे.

म्हणजे पाळी याचीच आहे. मला हे चाळीस वर्षं ठाऊक आहे. तुझ्या कार्डाचा धाक दाखवत होते, कारण दुसरं माझ्याकडे होतं काय?

(सांगितलेलं लिहिलं. आता माझं. कायदा म्हणतो, वाचून दाखवावं आणि समजावून सांगावं. मी वाचलं. समजावण्याच्या जागी "समजलं ना?" एवढंच विचारलं. बाईंना समजलं नव्हतं हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं होतं. बाहेर आणखी नऊ जण बसले होते आणि जेवणाची वेळ झाली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आत्ता बाईंना वाचून दाखवलं. गुरुवारची सकाळ पुढच्या उन्हाळ्यापासून अर्धी अर्धी करू, असंही म्हणालो. फिर्मिनु.)

अर्धी देतोय म्हणे! चाळीस वर्षांचं भांडण मी अर्ध्या सकाळीत विकीन होय? म्हटलं, बघू. वाढलं त्याला अजून थोडं सूप.

आता तुझं. डब्लिनला तुला नदीवाली खिडकी मिळेल. पण समोर कोण बसेल? ज्यांना कागद वाचता येतो ते. त्यांना वकील कुठेही मिळतात, ढिगाने. लक्झेंबर्गला कोबी घेऊन येणाऱ्यांची वकील होशील असं मी नावं ठेवायला म्हटलं होतं. ते शब्द मी परत घेत नाही. कोट उलटा करून घालतात तसे उलटे घालते.

पण लक्षात ठेव, मी तुझ्या वतीने अंगठा उठवणार नाही. मागच्या दाराने निघायचं की पुढच्या, ते तुझं तू बघ. कागद पूर्ण वाच आणि मग सही कर. तुला वाचता येतं.

आजी

एश, ११ नोव्हेंबर

प्रिय आजी,

आशीर्वाद असावा. एवढे दिवस पत्र नाही म्हणून रागावली असशील. हात रिकामे नव्हते.

एकोणतीस सप्टेंबरला साहेबांनी डब्लिनचा करार पुढे ठेवला. तू सांगितल्यासारखा पूर्ण वाचला, अठरा पानं. ते म्हणाले, "एवढं वाचण्यासारखं त्यात काही नाही." मी म्हटलं, "मग मी सही करत नाही." आणि पुढच्या दाराने बाहेर आले. धाडस वगैरे काही नव्हतं हं. रस्ता ओलांडल्यावर बराच वेळ दिव्याच्या खांबाला धरून उभी राहिले. अजूनही कधीकधी त्या नदीची आठवण येते. बघितलेलीसुद्धा नाही मी ती.

पोर्तोहून दाखला आला आणि गेल्या आठवड्यात नाव लागलं. चौथी यादी, सगळ्यात शेवटचं. इस्त्रीची फळी दोना झुल्मीरांनी बाहेर काढली नाही. तिच्यावर चादर टाकून मी तेच टेबल केलंय, उंची कमी-जास्त होते ही एक सोय. लिंदोल्फु पहिल्याच दिवशी आला. रीतसर पत्र लिहिलं मालकाला, खाली माझं नाव आणि 'आद्वोगादा'. नोकरीवरून काढता येत नाही असं उत्तर आलं, पण पाठीच्या दुखण्याचं प्रकरण लांबणार आहे. जिंकलो असं अजून म्हणवत नाही. दुसऱ्या दिवशी तो आपल्याबरोबरचे पाच जण घेऊन आला. तिसऱ्या दिवशी रांग जिन्यावरून खाली बेकरीपर्यंत. पाव घ्यायला आलेल्या एका बाईला लोकांनी मागे ढकललं, "आधी आम्ही आलोय." कोबी अजून कुणी आणला नाही. वाळवलेला मासा आणला दोघांनी. खोलीला वास सुटलाय.

मी प्रत्येकाला कागद आपल्या भाषेत सावकाश सांगते. तडतड वाचत नाही, फिर्मिनुकाका, राग मानू नका. आणि शेवटी प्रत्येकाला आठवणीने विचारते, "समजलं ना?" सगळे "हो" म्हणतात.

तुझी,
नोएमिया

वाल द उर्झेश, १९ नोव्हेंबर

प्रिय नोएमिया,

यादीत शेवटी आहेस ते बरं. दाराजवळचं माणूस पहिलं सापडतं.

खांबाचं वाचलं तेव्हा फिर्मिनु थांबला आणि त्याने चष्मा पुसला. वाफेने धूसर झाला म्हणे. चुलीवर काही नव्हतं.

पण पोरी, पत्राचं शेवटचं वाक्य ऐकून मी कपाळावर हात मारला. "समजलं ना" विचारतेस? आणि सगळे हो म्हणतात, यात खूष आहेस? अगं, हो तर मीही म्हटलं होतं! गरिबाला "समजलं ना" विचारलं की तो हो म्हणतोच. समोरच्याचा वेळ गेला याची त्याला लाज वाटत असते, आणि नाही म्हटलं तर आपण मूर्ख ठरतो हे त्याला आधीच कळलेलं असतं. हे विद्यापीठात शिकवत नाहीत का? मग काय शिकवतात एवढी वर्षं?

उद्यापासून असं कर. कागद सांगून झाला की तो उलटा करून ठेव, खुर्चीत मागे टेकून बस आणि म्हण, "आता तुम्ही मला सांगा, यात काय आहे." मग गप्प राहा. घड्याळाकडे बघू नकोस. चुकले तर परत सांग. तिसऱ्यांदा चुकले तर चूक तुझी आहे. पाच जणांऐवजी दिवसाला दोघंच होतील. होऊ देत. जिना लांब आहे, माणसं थांबतील. बसायला मात्र ठेव काहीतरी, त्यांच्या पाठी मोडलेल्या आहेत.

दोना झुल्मीरांना माझा नमस्कार. इस्त्री कुठे करतात आता त्या?

एवढंच. फिर्मिनु म्हणतो, नियमाप्रमाणे पाकीट बंद करण्याआधी तो मला हे पत्र वाचून दाखवणार. वाचू दे. मग मी कागद उलटा करीन आणि त्याला म्हणेन, "आता सांग बघू, यात काय आहे."

तुझी आजी,
बेनव्हिंदा

(सांगितलं. दोनदा चुकलो. फिर्मिनु.)